तळ्याच्या लग्नातली वरमाय

रायपूरला कोणी फिरायला जात नाही. लोक तिथे बदलीवर जातात, नातेवाइकांकडे जातात, नाहीतर लग्नाला जातात. मीही लग्नालाच गेले होते, आणि तेसुद्धा साधी पाहुणी म्हणून नाही, वरमाय म्हणून. मला मुलगा नाही. नवरा मुलगा लाकडाचा होता, नवरी म्हणजे तळं होतं आणि माझी विहीण म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. परत आल्यावर हे सगळं मी आमच्या रत्नागिरीच्या बचत गटात सांगितलं, तेव्हा एकीने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. म्हणून आता लिहूनच काढते.

आम्ही मूळच्या नागपूरकडच्या. ताई लग्न होऊन रायपूरला गेली, मी कोकणात. भाऊजी रेल्वेतून निवृत्त झाले आणि बीरगावच्या बाजूला एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्यांनी घर बांधलं. घरासमोर तळं आहे. त्याचं नाव नवा तरिया, म्हणजे नवं तळं, आणि वय कोणालाच ठाऊक नाही. ताई तिथे राहायला गेली तेव्हा ते तळं जलपर्णीने असं झाकलेलं होतं की नवीन पाहुणे त्याला मैदान समजून गाडी लावायला निघत. त्यात पाऱ्याचं सांडपाणी, गणपती-दुर्गेच्या मूर्तींचे तारेचे सांगाडे आणि जुन्या गाद्या-गिरद्यांची वरात. वासाचं तर बोलूच नका.

ताईने पाऱ्यातल्या बायका जमवल्या, पुरुषांना हाका मारमारून बाहेर काढलं आणि दोन उन्हाळे सगळ्यांनी मिळून गाळ उपसला. नाल्याच्या तोंडाशी वेताची आणि लव्हाळ्याची झाडं लावली, म्हणजे पाणी गाळून आत येईल. गाळात हेल्मेटं निघाली, एक मिक्सर निघाला आणि एक अख्खा कूलर निघाला. कूलरचा मालक तो परत मागायला आला, आणि गंमत म्हणजे फेकलाही त्यानेच होता.

दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. "बेबे, तळ्याचं लगन हाय. तू ये. नवऱ्याकडचं कोणीच नाही."

बीरगाव, सकाळचा चिला

स्टेशनवर भाऊजी आणि भाची रिया घ्यायला आले. रियाला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर हिंदीत देते. मी विचारलं, "काय गं, बरी आहेस?" ती म्हणाली, "हाँ मौसी, एकदम बढ़िया. आप तो पतली हो गईं!" मी तिच्यावर तिथेच खूष झाले.

घरी पोचल्यावर ताईने पाणी दिलं नाही, चहा दिला नाही. हात धरून मला थेट घाटावर नेलं आणि म्हणाली, "वास घे."

"काय?"

"वास घे म्हणते ना. येते का वास?"

मी मोठा श्वास घेतला. कारखान्यांच्या धुराचा वास येत होता, कोणाच्या तरी घरच्या लसणाच्या फोडणीचा येत होता. पाण्याचा येत नव्हता. पाणी काळसर हिरवं, शांत. मधेच एक पाणकोंबडी मान हलवत गेली. लव्हाळ्यात खंड्या बसला होता. आमच्या खाडीवर गटाच्या बायका चिखलात उभ्या राहून कांदळाची रोपं लावतात, मीही लावते, त्यामुळे मेलेलं पाणी आणि जिवंत पाणी यातला फरक मला नाकाने कळतो. हे जिवंत होतं.

"नाही येत," मी म्हणाले.

"तर मग हे लोक काहून उतरत नाहीत वं?" ताईने विचारलं, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

खरी गोष्ट ही होती. तळं स्वच्छ झालं, पावसाने भरलं, पण पाऱ्यातला एकही माणूस त्यात पाय घालत नव्हता. इतकी वर्षं ज्याच्याकडे नाक धरून पाठ फिरवली, त्यात उतरायला कोणाचं मन होईना. आणि पार्षद, म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, येऊन सांगून गेले होते की दीदी, तुम्ही मेहनत केली, मान्य आहे, पण कोणी वापरतच नसेल तर अर्धं बुजवून पार्किंग करू. लोक उतरले तर तालाब, नाही तर पार्किंग. लग्नाच्या दिवशी ते स्वतः पाहायला येणार होते.

यावर पाऱ्यातल्या फुलबासन दाईने तोडगा काढला. दाई म्हणजे तिकडे आई, आणि ही वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, दात नाहीत, पण शब्द अजून चावतात. ती म्हणाली, "बिहाव नइ होय हे, त मैं गोड़ नइ डारँव." लग्न न झालेल्या तळ्यात मी पाय घालणार नाही. छत्तीसगडात ही जुनी रीत आहे. तळं खणलं की त्याचं लग्न लावायचं, पाण्यात लाकडी खांब रोवायचा, मगच ते पाणी शुभकार्याला चालतं. आता तळं पुन्हा खणल्यासारखंच झालं होतं, तेव्हा लग्नही पुन्हा व्हायला हवं. खांब हा नवरा की नुसता साक्षीदार यावर म्हाताऱ्यांचं भांडण झालं. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि नवरा बहुमताने निवडून आला.

मग दुसरी अडचण निघाली. गाळ सगळ्यांनी उपसला होता, त्यामुळे सगळा पारा म्हणाला, आम्ही मुलीकडचे. नवऱ्याकडचं व्हायला कोणी तयार होईना. म्हणून ताईला समुद्राकडची बहीण आठवली. "समुद्राकडचं स्थळ हाय म्हटलं, तर सगळे खूष झाले," ताई म्हणाली. "पाण्यातल्या घरची माणसं!"

एवढं झाल्यावर मला चहा मिळाला. सोबत चिला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. आमच्या घावनाचा हा चुलतभाऊ असावा, फक्त जरा तापट. मी तो खात असतानाच ताईला सांगितलं की आता मी वरमाय आहे, तर माझा मानपान नीट झाला पाहिजे. विहिणीचे पाय धुतात, माहीत आहे ना?

"तुझे पाय म्या लहानपणी लय धुतले," ताई म्हणाली. "चिला खा गुमान."

सदर बाजार

दुसऱ्या दिवशी नवरीची खरेदी. सदर बाजारात एका वेळी एक माणूस जाईल एवढ्या जागेतून दोन स्कूटर, एक गाय आणि आम्ही तिघी जात होतो. साडीच्या दुकानात गादीवर बसल्या बसल्या दुकानदाराने विचारलं, "दीदी, दुल्हन का रंग कैसा है?"

ताई गंभीरपणे म्हणाली, "पहिले हरा था भैया, अब साफ है."

त्याने हातातली घडी खाली ठेवली. "और... हाइट?"

"गहराई बोलो," रिया म्हणाली.

मी घाईघाईने सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं तो आम्हाला हाकलेल, पण तो उठून आतल्या माणसाला ओरडला, "अरे, तरिया के बिहाव की साड़ी दिखाओ, हल्दी वाली!" त्याच्या आजोळच्या गावीही म्हणे असंच लग्न झालं होतं. मग त्याने साड्यांचा ढीग घातला. मी एक मोरपिशी पसंत केली, ताई म्हणाली पिवळीच घ्यायची, मी म्हणाले वरपक्षाची आवड विचारात घ्या. त्यावर बाजूच्या गिऱ्हाईक बाईने माझीच बाजू घेतली, आणि आम्ही दोघी बहिणी त्या दुकानात अशा भांडलो की माणसं जिना चढून बघायला आली. पिवळीच घेतली.

येताना ताई ई-रिक्षात माझ्याशी बोलत नव्हती. मग मधेच म्हणाली, "होम-हवनात मी बसणार नाही, सांगून ठेवते. ते बैगा करन त्याच्या रीतीनं. मी त्रिशरण म्हणून पोरीची माय म्हणून घाटावर उभी राहीन, बस."

बैगा म्हणजे तिथला गावचा पुजारी, आणि त्याच्या होमात ताईने न बसणं आमच्या घरात ओघानेच आलं. आम्ही बौद्ध माणसं, आणि तळ्याचं पाणी हा विषय आमच्याकडे हसण्यावारी नेत नाहीत. महाडच्या तळ्याची गोष्ट आमच्या आईने आम्हाला भात भरवताना सांगितलेली.

"आपल्या लोकायले पाण्याले हात लावू देत नव्हते," ताई रस्त्याकडे बघत म्हणाली. "अन् आता मी कवाची म्हणून राहिली, लावा बाप्पा हात, लावा. तर कोणी लावून नाही राहिला."

मी पिशवीतला चिवडा पुढे केला. तिने मूठभर घेतला आणि पुन्हा भांडायला लागली, त्यामुळे मला बरं वाटलं.

लाकडाची टाल

वरपक्षात एकूण माणसं अशी: मी, भाऊजी आणि ई-रिक्षावाले लखन भैया. भाऊजींना नवरीच्या बापाचा मान मिळणार होता, पण ताईने माणसं कमी पडतात म्हणून त्यांना माझ्याकडे ढकललं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात सासरा म्हणून मिरवणारा हा पहिलाच गृहस्थ असावा.

नवरा निवडायला आम्ही टालवर गेलो. तिथल्या दादाने आधी सरईचा खांब दाखवला. सरई म्हणजे साल, दगडासारखं लाकूड. मी एक टोक धरलं, भाऊजींनी दुसरं धरलं आणि दोघांनीही एकदमच खाली ठेवलं. भाऊजींच्या कमरेला पट्टा आहे. माझी मान धरलेली असते. लखन भैयाचा एक खांदा जुन्या अपघातात गेलेला. आणि रीत अशी होती की वरपक्षाने नवऱ्याला खांद्यावर घेऊन अख्ख्या पाऱ्यातून मिरवत न्यायचं.

"दुसरं काही हलकं?" भाऊजींनी विचारलं.

"काय बर चाही?" कशासाठी हवंय, असं दादाने विचारलं.

"शादी है."

"अच्छा, मंडप बर!" दादा खुलला, आणि त्याने सावरीचं एक खोड काढलं. गोरं, सरळ, उंच, गुळगुळीत. मी एका हाताने उचललं. भाऊजींनी उचललं. लखन भैयाने तर दुखऱ्या खांद्यावर घेऊन नाचून दाखवलं. इतका गुणी मुलगा! आम्ही तिथल्या तिथे होकार दिला. हे मंडपासाठी नसून पाण्यासाठी आहे, हे दादाला सांगायचं आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही. पाऱ्यात आणल्यावर सगळ्यांनी त्याला हात लावून पाहिला. फुलबासन दाईची नजर अधू, तिने नुसता हात फिरवून म्हटलं, "सुग्घर हे," देखणा आहे. रियाने नवऱ्याचं नाव सागर ठेवलं आणि त्याचा फोटो लावलेलं फ्लेक्स घाटावर टांगलं. फोटोत सागरने गॉगल घातला होता.

नवा तरिया, लग्नाचा दिवस

सकाळपासून पाऱ्यात इडहर शिजत होतं. अळूच्या पानांना उडदाचं वाटण लावून वड्या करतात आणि त्या आंबट कढीत सोडतात. अळूवडी कढीत पोहते, हे पाहून माझ्या कोकणी सवयीला आधी धक्का बसला. मग मी तीनदा वाढून घेतलं आणि वरमायेला कोणी नाही म्हणत नाही, हा या नात्याचा मोठा फायदा माझ्या ध्यानात आला.

वरात निघाली. बँडवाले दोघे, ढोल आणि झांज. सागरला हळद लावलेली, डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला मुंडावळ्या, आणि त्याखाली माझा, भाऊजींचा आणि लखन भैयाचा खांदा. माझं वय विसरून मी नाचले. भाऊजी नाचत नव्हते, पण पट्टा सैल झाल्यामुळे तसे दिसत होते. घाटावर अख्खा मुलीकडचा पक्ष पायऱ्यांवर दाटीवाटीने उभा होता, नटूनथटून, कोरडाठाक. समोरच्या काठावर पार्षद पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खुर्चीवर बसले होते. ताईने डोळे मिटून त्रिशरण म्हटलं. बैगाने त्याचं म्हटलं. पिवळी साडी पाण्यावर पसरली आणि नवरी खरंच नवरीसारखी दिसायला लागली.

आता नवऱ्याला रोवायचं. उन्हाळ्यात गाळ उपसताना, आता कंबरभर पाणी होतं त्या जागी, जुन्या खांबाची दगडांची गोल चौकट सापडली होती, त्यात खांब घालायचा. वरपक्ष पाण्यात उतरला. मला चिखलाची सवय, मी पुढे. पाणी गार आणि पायाखाली मऊ गाळ. मी मागे वळून ओरडले, "या ना! काही नाही होत!" कोणी हललं नाही. एका बाईने तर मोबाईलवर माझा फोटो काढला.

आम्ही सागरला चौकटीत उभं केलं, दाबलं आणि हात सोडला. सागर शांतपणे वर आला आणि आडवा झाला.

पुन्हा उभा केला. पुन्हा झोपला. तिसऱ्यांदा भाऊजी त्याला मिठी मारून लटकले, तर तो भाऊजींना घेऊन वर आला.

"नींद आवत हे दुल्हा ला," काठावरून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. ओल्या हळदीने सागर हातातून सटकला आणि फेट्यासकट, मुंडावळ्यांसकट, मधल्या पाण्याकडे निघाला. मी फेटा धरायला गेले तर फेट्याचं टोक तेवढं हातात राहिलं. मी ताईकडे पाहिलं. ती घाटावर उभी होती, दोन्ही हात तोंडावर, आणि तिच्या चेहऱ्यावर लग्न मोडलेल्या आईचं जे दुःख असतं ते सगळं होतं. समोर पार्षद घड्याळ बघत होते.

आणि मग फुलबासन दाई किंचाळली, "दुल्हा भागत हे! मोर बेटी ला छोड़ के कहाँ जाबे रे?"

ती लुगडं खोचून थेट पाण्यात उतरली. म्हातारीचे पाय पाण्यात गेलेले पाहून तिच्या सुना धावल्या, सुनांच्या मागे मुलं, मुलांच्या मागे त्यांचे बाप. मुलीकडची माणसं! भर मांडवातून नवरा पळाला तर नाक कोणाचं कापलं जाणार? रेशमी साड्या, नव्या पँटी, कोणी काही पाहिलं नाही. ढोलवाला ढोल गळ्यात अडकवूनच उतरला. "धर ओला! धर!" म्हणजे पकड त्याला, अशा आरोळ्या, पाण्याचे फवारे, पाणकोंबडीचं पलायन. पोहता येणाऱ्यांनी सागरला गाठलं, पण प्रत्येकाने आपल्याकडे ओढल्यामुळे तो गोल फिरला आणि सरळ समोरच्या काठाला जाऊन धडकला, पार्षदांच्या पायरीवर.

"जावई पकडा साहेब!" ताई ओरडली.

पार्षदांनी वाकून मुंडावळी धरली. शेवाळ्याने आपलं काम केलं. पांढरे कपडे पाण्यात बसले.

मग सगळं सोपं झालं. काठावर पडलेले दगड हातोहात पाण्यातून पोचवले गेले, दाई कंबरभर पाण्यात उभी राहून हुकूम सोडत होती आणि दगडांच्या ढिगात सागर अखेर उभा राहिला. जरा तिरका, पण उभा. बैगाने अक्षता टाकल्या. शेजारणीने दाईला विचारलं की लग्नाआधीच कशी काय उतरलीस, तेव्हा दाई म्हणाली, "बेटी के बिहाव मा दाई नइ जाही त कोन जाही?" आणि तिने तोंड धुतलं, त्याच पाण्याने.

पार्षद पाणी निथळत ताईजवळ आले. ताई म्हणाली, "साहब, गिनो अब. कौन नहीं उतरा?"

त्यांनी सगळीकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. "मेरा तो मोबाइल भी उतर गया दीदी," ते म्हणाले. "पार्किंग कहीं और देखेंगे." त्यांना हळदीचा हात लावून इडहर वाढलं. त्यांनीही तीनदा घेतलं.

ताई मात्र अजून कोरडी होती. सगळ्या गडबडीत तीच एकटी घाटावर राहिली होती. ती हळूच पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात आली आणि खाली वाकून दोन्ही हातांची ओंजळ भरली. पाणी बोटांतून गळून जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मला पायरीवर बसवलं, माझे चिखलाने भरलेले पाय पुढे ओढले आणि पुन्हा ओंजळ भरून पाणी त्यांवर सोडलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. बोटांच्या बेचक्यांतला गाळ अंगठ्याने काढला, लहानपणी काढायची तसाच.

"घे. झाला विहिणीचा मान," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ते लपवायला ती माझ्या पायांवर रागावल्यासारखी घासत होती. "आता सांग खरं. येते का वास?"

मी पाय नाकाशी नेण्याचा प्रयत्न केला, मान धरली, तरी नेला.

"येतो," मी म्हणाले.

तिचे हात थांबले.

"हळदीचा," मी म्हणाले.